सोन्या, समोर कोण राहतं ते विचारून घे

सोन्या,

व्हॉट्सॲपवर मोठं काही लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून हे मेलवर लिहितेय. घरी गेल्यावर सावकाश वाच, ऑफिसात नको.

अण्णामामाचं तेरावं परवा नीट पार पडलं. तुला येता आलं नाही म्हणून कोणी काही बोललेलं नाही, सांताक्रूझची आत्यासुद्धा नाही, तेव्हा ते मनातून काढून टाक. तुझा तो रिलीज होता आणि तुला कळवेपर्यंत दुपार झाली, तोवर अंत्यविधीचं सगळं ठरलेलं, थांबण्यासारखं नव्हतंच. मी लिहितेय ते वेगळ्या कारणासाठी. काल फोनवर मी सहज विचारलं की तुझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, तर तू म्हणालास, "माहीत नाही गं, असतील कोणीतरी." तेवढ्यावरून मला रात्रभर झोप नाही. बाबा म्हणाले, अगं बेंगळुरूला सगळी मुलं अशीच राहतात, तू उगाच मनाला लावून घेतेस. असेल. पण मला एवढंच सांग, तुझ्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे दिलेली आहे का?

बरं, ते राहू दे. आधी अण्णाचं सांगते, फोनवर मला धड बोलताच आलं नाही.

दार तोडावं लागलं. हे तुला बाबांनी सांगितलं नव्हतं, मीच नको म्हटलं होतं, म्हटलं तो तिकडे एकटा आहे, रात्री डोक्यात हेच फिरत राहील. दुधाची पिशवी सकाळपासून कडीला तशीच, पेपर दारात पडलेला, आणि रोज सातच्या आत खाली बाकावर येऊन बसणारा माणूस आला नाही म्हणून वरच्या काकूंनी बेल वाजवली. मग मोबाइल लावला तर आतून रिंग ऐकू येतेय आणि उचलत कोणी नाही. आतून कडी आणि वर लॅच. सुतार शोधून आणून दार उघडेपर्यंत अकरा वाजून गेले. डॉक्टर म्हणाले पहाटे झोपेतच गेले असतील, त्रास झाला नसेल. ते "नसेल" माझ्या कानातून जात नाहीये रे. दोन तास आधी दार उघडलं असतं तर काही झालं असतं का, मी विचारलं, ते म्हणाले ताई, आता असा विचार करू नका. करू नका म्हणून थांबतो का विचार.

आणि असं मरण कोणाला यावं तर अण्णाला, ज्याला आयुष्यात कधी एकटं बघितलेलं मला आठवत नाही.

तुझे आजोबा नोकरीत असतानाच गेले आणि मला अनुकंपावर पाणी खात्यात घेतलं, हे तुला माहितीये. वीस-एकविसाची होते मी, आणि बसवलं कुठे तर घाटकोपरला वॉर्डात, तक्रारींच्या टेबलावर. फोन उचलला की समोरून सुरू. पाणी आलं नाही, आलं पण गढूळ आलं, खालच्या मजल्याला आलं वर चढलं नाही, बायका तर हंडे घेऊन थेट ऑफिसात यायच्या. पहिल्या पहिल्यांदा मी दुपारचा डबा न खाता बाथरूममध्ये जाऊन रडायचे. अण्णा तेव्हा चावीवाला, रस्त्यातले पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा. माझ्या आत्याचा मुलगा, पण गावाला लग्नकार्यात बघितलेला तेवढाच, वयाने बराच मोठा, माझी त्याच्याशी कधी धड बोलायची हिंमत झाली नव्हती. तो मस्टरवर सही करायला आला, माझे डोळे बघितले आणि सगळ्या ऑफिससमोर मोठ्याने म्हणाला, "काय गो बाय, रडतस कित्याक? तुझ्यावर नाय रागावलेत ते, नळावर रागावलेत." सगळे हसले, मी पण हसले, आणि मग त्याने स्टूल ओढून मला शिकवलं की समोरचा कितीही चिडलेला असो, पहिला प्रश्न एकच विचारायचा, शेजारच्या नळाला पाणी आहे का? शेजारी पण नसेल तर लाइनचा लोचा आहे, व्हॉल्व्ह किंवा मेन बघायची. शेजारी असेल आणि ह्यांच्याकडेच नसेल तर ह्यांची जोडणी तुंबलीय. आणि त्याचं म्हणणं, हा प्रश्न विचारला की माणूस अर्धा शांत होतो, कारण त्याला उठून शेजारी जाऊन विचारावं लागतं. मी रिटायर होईपर्यंत तेच केलं. नवीन इंजिनीअर आले तरी त्यांना पण तेच शिकवलं.

तू लहानपणी शाळेत सांगायचास ना, माझे मामा मुंबईचं पाणी सोडतात. मुलं हसायची तुला. पण खोटं काय होतं त्यात? मुंबईला नळाला चोवीस तास पाणी नाही, प्रत्येक भागाची वेळ ठरलेली, आणि त्या वेळेला रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलून ती कमरेच्या वर येणारी लोखंडी चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस लागतो. शहराला दिवसाला साडेतीन हजार दशलक्ष लिटरच्या वर पाणी जातं, शंभर-शंभर किलोमीटरवरून येतं, भांडुपला शुद्ध होतं, डोंगरावरच्या जलाशयात चढतं, आणि एवढा सगळा प्रवास करून शेवटी गल्लीच्या तोंडाशी अण्णासारख्या कोणाच्या तरी मनगटावर येऊन थांबतं. पहाटे तीनची वेळ असेल तर तीनला. गणपती असो, लेकीचं लग्न असो.

आणि व्हॉल्व्ह झटक्यात बंद करायचा नाही, हे त्याचं कायमचं. धावतं पाणी एकदम अडवलं की सगळा जोर उलटा पाइपावर येतो, ब्रिटिशांच्या वेळची मेन असेल तर फुटते. उघडताना पण हळू, आतली हवा निघू द्यायची. नवीन पोरं घाईने फिरवायची तर तो त्यांना थांबवून आटे मोठ्याने मोजायला लावायचा, आणि स्वतः मोजायचा ते भजनाच्या ठेक्यात. मी ऐकलंय, रात्री घाटकोपरच्या असल्फा टेकडीच्या चढावर त्याचा तो आवाज घुमायचा आणि वरच्या वस्तीतल्या बायका म्हणायच्या, उठा, बुवा इले.

हे बघ, मी लांबत चाललेय. पण तुला खरं सांगते, माझ्या बत्तीसच्या वर वर्षांच्या नोकरीत मी मोठमोठे साहेब बघितले, कमिशनर बघितले, नगरसेवक तर किती आले गेले, पण हा माणूस खोलीत आला की खोली बदलायची. का ते मला अजून सांगता येत नाही. दिसायला काही राजबिंडा नव्हता, दात पुढे होते. शर्ट मात्र कडक इस्त्रीचा आणि मिशी डाय केलेली, त्यात कधी हयगय नाही. पण तो बोलायला लागला की प्रत्येकाला वाटायचं माझ्याशीच बोलतोय. टेकडीवरच्या प्रत्येक गल्लीतल्या पोरांची नावं त्याला पाठ, कोणाचा नवरा कुठे कामाला, कोणाची मुलगी दहावीला. २००९ साली पाऊस लांबला, तलावांनी तळ गाठला आणि पाणीकपात लागली, तेव्हा लोक चावीवाल्यांच्या अंगावर जायचे. अण्णाला एका गल्लीत घेरलं. बाकीचा माणूस पळाला असता. हा तिथेच ओट्यावर बसला, पाणी मागितलं प्यायला, आणि ज्या बाईने सगळ्यात मोठ्याने आरडाओरडा केला होता तिच्याच घरातून पाणी आलं, आणि पाणी पिता पिता त्याने सगळ्यांना समजावलं की तानसात किती उरलंय, भातसात किती उरलंय आणि रोज किती काढतात, तुम्हीच हिशोब करा. मग म्हणाला मी व्हॉल्व्ह अर्धा तास जास्त उघडा ठेवला तर तुम्हाला मिळेल आणि वरच्या टोकाला ज्या म्हातारीकडे हंडा उचलायला कोणी नाही तिला मिळणार नाही, सांगा काय करू. कोणी काही बोललं नाही. हे मला त्याने नाही सांगितलं, त्या बाईने सांगितलं, परवा, तेराव्याला.

तुला तलाव त्यानेच पाठ करून घेतले होते. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, मोडकसागर १९५७, अप्पर वैतरणा, भातसा. तुळशी भरून वाहिला की विहारमध्ये येतो आणि विहार वाहिला की मिठी. तू झोपाळ्यावर बसून म्हणायचास. मग २०१४ ला मध्य वैतरणा सुरू झाला तेव्हा तू बारावीला होतास, क्लासला, आणि त्याने तुला फोन करून सांगितलं, आता सात म्हण. तू वैतागलास, म्हणालास आई, मामाला सांग ना मला लेक्चर आहे. पण रात्री जेवताना तूच मला म्हणालास, बाय द वे आता सात झाले. मी काही बोलले नाही तेव्हा, पण ते मी अण्णाला सांगितलं होतं आणि तो किती खूश झाला होता.

आणि २६ जुलै. तू तिसरीत होतास. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण मला आठवतंय ते म्हणजे ऑफिसात फोन मेलेले, लाइट गेलेली, बाबा चर्चगेटला अडकलेले आणि तू शाळेत. मी निघायला लागले तर अण्णा म्हणाला तू बस, तुला पोहता येत नाही. आणि गेला. रात्री साडेनऊला तुला खांद्यावर घेऊन घरी आला, सोबत बिल्डिंगमधली अजून दोन पोरं, एकाचा हात धरलेला आणि एक पाठीवर. तुझी चप्पल वाहून गेली म्हणून तू रडत होतास. तुला घरात सोडलं, नुसता चहा घेतला आणि परत ड्युटीवर, कारण गटाराचं पाणी लाइनमध्ये शिरलंय का ते बघायचं होतं. नंतरचे कितीतरी दिवस तो घरोघरी नळाचं पाणी त्या छोट्या नळीत घेऊन ओटी टेस्ट करत फिरला, थेंब टाकले की पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, चालेल, नाही झालं तर उकळून प्या. तो नळी उजेडाकडे धरून अख्ख्या गल्लीला दाखवायचा. नुसतं सांगून पुढे गेला असता तरी चाललं असतं ना, ड्युटीत तेवढंच होतं. पण त्याला लोकांना दाखवायचं असायचं.

म्हणून मला राग येतो रे. एवढा सगळ्यांच्या दारात जाणारा माणूस, स्वतःच्या दाराला मात्र आतून कडी, आणि लॅचची एक किल्लीही त्याने कोणाकडे ठेवली नाही. माझ्याकडे पण नाही. मी भांडुपलाच राहते, रिक्षाने दहा मिनिटं. मामी गेल्यापासून मी किती वेळा म्हटलं एक किल्ली दे, तर म्हणायचा, "माका काय झालाहा?" आता तू पण तेच म्हणतोस. आई मला काय होणारेय. शब्द वेगळे, पण सूर तोच, अगदी तोच. तुझ्यात त्याचं बरंच काही आलंय, लोकांना आवडून घेण्याचं, सगळ्यांची कामं अंगावर घेण्याचं, आणि स्वतःचं काही न सांगण्याचं. पहिल्या दोन गोष्टींचा मला अभिमान आहे. तिसऱ्याची भीती वाटते.

गादीखाली फाइल मिळाली. गेल्या दिवाळीच्या आधीची. हृदयाची टू-डी इको, रक्ताचे रिपोर्ट, डॉक्टरांनी लिहिलेली गोळ्यांची चिठ्ठी, आणि पुढच्या तपासणीची तारीख, तिच्यावर पेनाने बारीक गोल केलेला. म्हणजे त्याला कळत होतं. पाय सुजायचे ते मी बघितलं होतं, तो म्हणायचा आयुष्यभर उभा राहिलो त्याचं आहे. त्याच दिवाळीत तो आपल्याकडे फराळाला आला होता, तू पण होतास, तुला चिवडा चारत होता हाताने, आठवतंय? तेव्हा हे सगळं पोटात ठेवून बसला होता. भजनमंडळातली पंधरा-वीस माणसं रोज संध्याकाळी त्याच्याकडे यायची, त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. लेकीला माहीत नव्हतं. ती चार दिवस एकच बोलत होती, पप्पांनी मला का नाही सांगितलं. काय उत्तर देणार तिला.

मामीने त्याच्यापायी खूप सोसलं हे पण मी लिहिणार आहे, कारण आता सगळे त्याला देव करून बसलेत. घरात पैसा टिकायचा नाही. पगार झाला की दारात कोणी ना कोणी उभा, ह्याच्या पोराची फी, त्याच्या बायकोचं ऑपरेशन. मामीचे गोठ गेले ते परत आले नाहीत. डबलबारीचा, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यांचा, सीझन लागला की हा रात्र रात्र बाहेर, पहाटे ड्युटी, दुपारी झोप, घराशी बोलायचं कधी? मामी मला एकदा म्हणाली होती, सगळ्या टेकडीला भेटतो, मलाच अपॉइंटमेंट घ्यावी लागते. पण ती पण बारीला पुढच्या रांगेत जाऊन बसायची आणि हा गवळण म्हणायला लागला की डोळे पुसायची, त्यामुळे मी काय बोलणार. मला वाटतं अशा माणसांच्या घरच्यांना नेहमी थोडं कमी मिळतं. तू उद्या लग्न करशील तेव्हा हे लक्षात ठेव. झालं, परत सुरू झालं माझं लेक्चर. सॉरी. लग्नाचा विषय काढणार नाही असं मी तुला कबूल केलंय, काढत नाही.

मयताला किती माणसं होती ते व्हिडिओत कळत नाही. टेकडीवरून दोन टेम्पो भरून आले. रिक्षावाले रिक्षा लावून आले. निवृत्त इंजिनीअर आले, काठी टेकत. एक मुलगी आली, वकील आहे म्हणे आता, ती म्हणाली मी झोपडीत दिव्याखाली अभ्यास करायचे तेव्हा मामा पहाटे पाणी सोडून जाताना खिडकीवर टकटक करायचे, उठलीस का? असं ते तिच्या परीक्षेच्या सगळ्या दिवसांत करत होते. आणि कोणी कोणी मला विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी एकदा म्हटलं बहीण, एकदा म्हटलं ऑफिसात एकत्र होतो. दोन्हीतलं कुठलंही एक सांगितलं की दुसरं राहून गेल्यासारखं वाटत होतं. आणि ते दुसरे बुवा आले, ज्यांच्याशी तो कणकवलीच्या त्या बारीपासून बोलत नव्हता. ते कोपऱ्यात उभे होते. मंडळातल्या पोरांना गजर सुरू करायला जमेना, आवाजच फुटेना कोणाचा, तेव्हा ते पुढे आले, टाळ घेतले आणि सुरुवात त्यांनी केली. अण्णाचीच चाल. वर्षानुवर्षं समोर बसून ऐकलेली, त्यांना पूर्ण पाठ होती.

तर सोन्या, एवढी माणसं असलेल्या माणसाचं असं झालं. तुझ्याकडे तर समोरच्या दारामागे कोण आहे ते पण माहीत नाही. तुझं ते डिजिटल लॉक आहे, कोड टाकायचा, किल्लीच नाही, हे तू मला समजावलंयस. मग तो कोड कोणाला तरी सांग ना. मला सांगून काय उपयोग, मी हजार किलोमीटरवर. तिथल्या तिथे कोणीतरी पाहिजे, जो सकाळी दार बंद दिसलं तर दुपारपर्यंत थांबणार नाही. ऑफिसातला कोणी जवळ राहत असेल तर त्याला सांग. खालच्या सिक्युरिटीवाल्याचं नाव विचार. रोज जाता येता दोन शब्द बोल त्याच्याशी, भाषेचं काय, अण्णाला टेकडीवरच्या भय्यांची हिंदी कुठे येत होती सुरुवातीला, आणि तमिळ वस्तीत तर नुसत्या हातवाऱ्यांवर त्याने पाच वर्षं काढली. एक पुरणपोळीचा डबा घेऊन समोर बेल वाजव, मी पाठवते, कुरियरने दुसऱ्या दिवशी मिळतो. लाज कसली त्यात?

आणि मागच्या महिन्यात तुला ताप होता तेव्हा तू मला ताप उतरल्यावर सांगितलंस. मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलतेय. तीन दिवस अंगात ताप घेऊन तू एकटा त्या घरात, आणि आम्ही इकडे मालिका बघत बसलेलो. बाबा वरवर काही दाखवत नाहीत, पण अण्णाचं दार उघडलं तेव्हा ते तिथे होते, आणि त्या रात्रीपासून ते आपल्या दाराला नुसता लॅच लावतात, आतली कडी लावू देत नाहीत. मला कारण विचारायची गरज पडली नाही.

मी फार घाबरवतेय का तुला? तसं करायचं नाहीये मला. तू तिकडे स्वतःच्या जिवावर उभा राहिलास, स्वयंपाक शिकलास, आम्हाला न सांगता बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे भरलेस, हे मी सगळ्यांना सांगते, ट्रेनमधल्या जुन्या ग्रुपला तर इतक्यांदा सांगितलंय. अण्णा पण सांगायचा. मार्च २०२४ मध्ये तुमच्याकडे बोअरवेल आटल्या आणि टँकरची मारामार चालली होती, तेव्हा त्याने तुला फोन केलेला आठवतोय? तासभर बोलत होतात तुम्ही. फोन ठेवून तो माझ्याकडे आला, मला म्हणाला, बाय, भाचो हुशार झालो हा, कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून आणि किती उंच पंपाने चढवावं लागतं ते त्याने मला सगळं सांगितलं. आपला तानसा-वैतरणा उताराने येतो, आपण नशीबवान. मग जरा वेळाने म्हणाला, पण तिकडे नळाला पाणी नाही आलं तर तो कोणाकडे बादली घेऊन जाणार? बघ, तेव्हा त्याला पण तुझी हीच काळजी होती. मी म्हटलं तो ऑनलाइन मागवेल. अण्णा काही बोलला नाही, नुसती मान हलवली.

आता कामाचं. त्याच्या घरातून लेकीने मला दोन वस्तू दिल्या. एक तो ऐकायचा रॉड, ज्याचं एक टोक पाइपावर ठेवून दुसरं कानाला लावून तो रात्री गळती शोधायचा. तुला पण एकदा कान लावायला दिला होता रस्त्यात, आणि तू म्हणालास आतून कोणीतरी श्श्श करतंय. तो मी ठेवून घेतलाय, माळ्यावर नाही, कपाटात. दुसरी त्याची भजनाची वही. त्यात त्याने स्वतः रचलेल्या गवळणी आहेत, गजर आहेत, कुठल्या बारीत समोरच्याला काय उत्तर दिलं ते पण लिहिलंय. कुठेही छापलेलं नाही, कोणाकडे कॉपी नाही. ते दुसरे बुवा म्हणतात गणपतीच्या आधी मिळाली तर ह्या वर्षी गावच्या बारीत त्याच्या दोन गवळणी ते स्वतः गातील. मंडळातल्या पोरांना मोबाइलवर टाइप करायला जमतं, पण अण्णाचं अक्षर कोणाला लागत नाही, अर्धं मालवणीत, अर्धं मोडल्यासारखं, आणि ऱ्हस्व-दीर्घ त्याचं त्याचं. तुला लागतं. लहानपणी गावच्या पोस्टकार्डांवर तोच लिहायचा ना पत्ता आणि मजकूर, तू वाचून दाखवायचास आजीला.

पहिली दहा-बारा पानं फोटो काढून ह्या मेलला जोडतेय. ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नकोस, आहे तसंच टाइप कर. चौथ्या पानावर पाणी सांडून शाई पसरलीय, ती ओळ मी दोन-तीनदा वाचून बघितली, 'यशोदे' आहे की 'पाशी दे' ते ठरत नाही. ठेक्यात म्हणून बघ, तुला कळेल. रविवारी सकाळी फोन कर, बाबा पण असतील, त्यांना ती चाल येते.

आई